तोंडी परीक्षेला सरांची मुलगी

यादीतलं आडनाव वाचलं तेव्हाच बाईंना शंका आली होती. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेले सर दिसले आणि शंका फिटली. केस पिकले होते, पण मान तशीच ताठ. जगाचे पेपर आपणच तपासतो, असा तोरा.

"पुढची मुलगी पाठवू का?" शिपायाने विचारलं.

"पाठवा," म्हणत बाई खुर्चीत सरसावून बसल्या. सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं.

शाळेत हेच सर फ्रेंच शिकवायचे. अमुक वेळेपर्यंत अमुक गोष्ट होऊन गेलेली असेल, असं सांगणारा पूर्ण भविष्यकाळ त्यांनी शिकवला तो बाईंना बाकावर उभं करून. क्रियापद चालवताना बाई अडखळल्या, तेव्हा सरांनी वर्गाला उदाहरणं घालून दिली. 'ती नापास झालेली असेल.' 'तिचं शिक्षण सुटलेलं असेल.' 'तिने सासरची भांडी घासलेली असतील.' अख्खा वर्ग तास संपेपर्यंत तीच वाक्यं घोकत होता आणि वर खिदळत होता. "मुलींना एवढी भाषा पुरे," सर शेवटी म्हणाले, आणि पोरांनी बाकं बडवली.

त्या दिवशी बाई घरी जाऊन जेवल्या नाहीत. मग मात्र हट्टाला पेटल्या आणि त्याच भाषेच्या परीक्षक झाल्या. सरांच्या निरोप समारंभाला त्या मुद्दाम गेल्या होत्या. आपण कोण, कुठल्या केंद्रावर परीक्षक आहोत, सगळं सांगून म्हणाल्या होत्या, "सर, मी काहीही विसरलेले नाही." सर नुसते हसले होते. म्हाताऱ्याच्या खिजगणतीतही आपण नाही, हे बाईंना त्या वर्गापेक्षा जास्त झोंबलं होतं.

मुलगी आत आली. अंगकाठी बारीक, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग.

"बस. हाताला काय झालं?" बाईंनी फ्रेंचमध्ये विचारलं.

"भट्टीचे आहेत." मुलगीही न चाचरता फ्रेंचमध्ये बोलू लागली. "मी काचेचं काम शिकते. परदेशातल्या एका कारखान्याने मला शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलंय. ही परीक्षा पास झाले की जायचं."

"आणि नाही झालीस तर?"

"पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. मग संपलंच." एवढं बोलून ती हसली. समोर कोण बसलंय याचा तिला पत्ताच नव्हता.

"तुमच्या शहरात केंद्र नाही का? इतक्या लांब कशाला आलीस?"

"आहे ना. बाबाच म्हणाले, इथे दे. नावही त्यांनीच नोंदवलं. एरवी फ्रेंचची वही उघडली तरी आदळआपट करायचे. या वेळी स्वतः सोबत आले."

म्हणजे बाप विरघळला होता तर. दुसऱ्यांच्या मुलींना भांडी, आणि स्वतःच्या लेकीला परदेश! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निघून जाणे. पूर्ण भविष्यकाळ. चालव," त्या म्हणाल्या.

"ज्य सरे पार्ती," मुलगी म्हणाली. मी निघून गेलेली असेन. तिथून ती तू, ती, आम्ही, तुम्ही करत शेवटापर्यंत पोचली. बाईंनी आडमुठी क्रियापदं काढली, ती बोलून झाली. आडवळणाची काढली, त्यांनाही ती पुरून उरली. वरून स्वतःचं एक वाक्य केलं, "पुढल्या वर्षी या वेळी मी माझा पहिला पेला फुंकून बनवलेला असेल."

वाक्य निर्दोष होतं. दुसरी कुणी मुलगी असती तर बाईंनी उठून तिची पाठ थोपटली असती. आताही त्यांचा हात क्षणभर थांबला. या पोरीने आपलं काय घोडं मारलंय, असं मनात आलंच. मग त्यांची नजर काचेकडे गेली. बाहेर सर पायावर पाय टाकून, निवांत बसले होते. जणू निकाल खिशातच आहे.

बाईंनी संगणकावर गुण भरले. उच्चार सदोष, ओघ नाही. बटण दाबलं की गुण बदलता येत नाहीत आणि तोंडीत गेला तो सगळ्या परीक्षेतच गेला, हा तिथला नियम. त्यांनी बटण दाबलं.

"नापास."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "पण बाई, माझं चुकलं काय?"

"तुझ्या बाबांना विचार."

मुलगी उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेली. बापाकडे न बघता ती तरातरा जिना उतरताना दिसली. माघारीची वाट उरली नव्हती. आता सर येणार, गयावया करणार, हात पसरणार. इतकी वर्षं त्या याच घटकेची वाट बघत होत्या.

सर आलेच. दार त्यांनी हलकेच लावून घेतलं.

"या, सर," बाई म्हणाल्या. "ओळखलंत ना? आता कळलं, पोटच्या पोरीचं असं झालं की कसं वाटतं ते?"

सरांनी हात जोडले. गयावया मात्र केली नाही. त्यांचा चेहरा ओझं उतरल्यासारखा मोकळा झाला होता.

"आभार मानायला आलोय, बाळ," ते म्हणाले. "एकुलती एक पोर. घर सोडून जाऊ नकोस म्हणून सांगून थकलो, ऐकेना. भाषा तर इतकी चोख, की कुणीही डोळे झाकून पास केली असती. तू तेवढी करणार नाहीस, याची खात्री होती मला."