बिनझडतीचा कारखाना

सिद्धाप्पांनी बसायला सांगितलं, तरी रामहरी उभाच राहिला. समोरचा माणूस आपल्याला ओळखणार नाही, एवढ्याच आशेवर तो भवानी पेठेतून अक्कलकोट रोडपर्यंत सायकल मारत आला होता.

"रामहरीभाऊ न्हवं तुमी? मिलच्या सूतगुदामातले?"

रामहरीनं मान हलवली. आता हाकलून देतील असं वाटून तो मागे फिरायच्या बेतात होता.

चौदा वर्षांपूर्वी दोघं एकाच मिलमध्ये होते. रामहरी गुदामाचा कारकून, सिद्धाप्पा विणकर. गुदामातलं सूत रामहरीनं चोरून विकलं, आणि चौकशी लागली तेव्हा मॅनेजरच्या खोलीत जाऊन सिद्धाप्पांचं नाव घेतलं. सिद्धाप्पांची नोकरी त्याच दिवशी गेली. पुढे त्यांनी दोन मागांपासून सुरुवात करून चादरींचा हा कारखाना उभा केला. आणि बाहत्तर साली मिलनं माणसं कमी केली, त्यात रामहरीही गेला.

सिद्धाप्पांनी चहा मागवला. घरी कोण कोण असतं, मुली कितवीत आहेत, एवढंच विचारलं. मग गुदामाच्या किल्ल्या त्याच्यापुढं ठेवल्या.

"उद्यापास्नं या. गुदाम तुमीच बघा."

परतताना रामहरी सायकलवर बसलाच नाही. ती हातात धरून चालत राहिला. चोरीत त्यांचं नाव आपणच घेतलं हे सिद्धाप्पांना कळलंच असणार, आणि तरीही त्यांनी किल्ल्या दिल्या. हे त्याच्या डोक्यातून जाईना.

सिद्धाप्पांची माणसं निवडायची रीत सगळ्यांसाठी हीच होती. आधीची नोकरी का सुटली, हे ते कधी विचारत नसत. गुंडा नावाचा एकजण तुरुंगातून सुटून आलेला, त्यालाही चहा मिळाला आणि माग मिळाला. नवऱ्यानं टाकलेल्या रत्नम्माला सूत गुंडाळून कांड्या भरायचं काम मिळालं. पाळी सुटल्यावर आजूबाजूच्या कारखान्यांत डबे उघडून माणसांची झडती होई. इथं फाटक सताड उघडं असायचं.

एकदा टॉवेलांचा एक गठ्ठा कमी भरला. झडती सुरू करू या, असं मुकादम मानसिंगनं सुचवलं.

सिद्धाप्पा म्हणाले, "झडती घेतली तर उद्यापास्नं समदी माणसं चोरावानी चालतील. ऱ्हाऊ दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा जागेवर होता. कुणी ठेवला, हे कुणी विचारलं नाही.

दुपारी लिंबाखाली सगळे एकत्र जेवत. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. केसांत सुताचे तंतू तसेच असायचे. रत्नम्मा तेलुगूत गुणगुणायची, मागावरचा बसप्पा कानडीत तिची नक्कल करायचा. मागांच्या खडखडाटानं कान बधिर झालेले, म्हणून सगळेच मोठ्यानं बोलत. ती वर्षं आठवली की त्या शेडमधली माणसं पुढं कुठंही गेली तरी हळवी होत.

रामहरीनं सात वर्षांत सुताची एक लडीही इकडची तिकडं होऊ दिली नाही. मालकांनी जाणूनबुजून माफ केलंय, या एका विचारानं तो बदलून गेला होता. नव्या माणसांना तो स्वतःहून काम शिकवायचा, आजारी असलेल्यांच्या घरी जायचा. पण कबुली द्यायला जीभ मात्र कधी वळली नाही.

एकोणऐंशी साली सिद्धाप्पांचे गुडघे गेले आणि त्यांनी कारखाना मुलीकडं, दाक्षायणीकडं सोपवला. त्या संध्याकाळी माग थांबले. सगळे शेडमध्ये जमले. आज चारचौघांत पाय धरायचे, सगळं बोलून टाकायचं, असं रामहरी घरूनच ठरवून आला होता.

माणसं कशी पारखायची, असं दाक्षायणीनं वडिलांना विचारलं.

रामहरी उठला. दोन पावलं पुढं आला. सिद्धाप्पांनी त्याचा हात धरून त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"मिलमधी माज्यावर चोरीचा आळ आला," ते मुलीला म्हणाले. "मी मॅनेजरच्या दाराभाईर हुबा हुतो. नाव कुणी घेतलं ते मला आजवर कळलं न्हाय. पर त्या खोलीतनं ह्यो एकटा माणूस डोळं पुसत भाईर आला. माज्यासाठी आत भांडून आला हुता की. तवाच ठरिवलं, येक माणूस आसा आसंल, तर कुणावरच संशय घ्यायचा न्हाय."