वावटळीचा उजवा पाय

“सलग अकरा शर्यती जिंकलेली वावटळ बाराव्या शर्यतीत शेवटच्या वळणावर पडली. का?”

प्रश्न पुरता संपायच्या आत व्याह्यांनी घंटीवर हात मारला. “नाल! पुढच्या उजव्या पायाची नाल सैल होती. नालबंदाचा हलगर्जीपणा!”

“अचूक. दोन गुण.”

टाळ्या पडल्या. व्याह्यांनी मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं, कसं काय, अशा थाटात. तिथे त्यांच्या लेकीचा सासरा बसला होता. व्याह्यांनीच त्याला आग्रह करकरून आज शर्यतशौकिनांच्या मंडळाच्या प्रश्नमंजुषेला आणलं होतं. “चला हो, तुम्हीही कधीकाळी घोड्यांचं काहीतरी करत होतात ना?” एवढंच त्यांना ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याचं खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं दुकान होतं आणि त्याआधीचं कोणी खोदून विचारलं नव्हतं. व्याही तसे दिलदार गृहस्थ. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या घोड्याची आई कोण ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

वावटळीला नाल ठोकणारा नालबंद हा सासराच होता. एकतीस वर्षं त्याने तोंड शिवून काढली होती. मंडळाच्या छापील इतिहासात आपल्यावर ठपका ठेवणारी एक ओळ आहे, हेही त्याला माहीत होतं. पण त्या ओळीवर टाळ्या पडताना त्याने कधी ऐकल्या नव्हत्या.

तो उठला. खुर्ची मागे कलंडली.

“नाल सैल नव्हती.”

प्रश्न विचारणारे वकीलसाहेब चष्म्यावरून पाहत हसले. “प्रेक्षकांनी कृपया मध्ये बोलू नये.”

“मी प्रेक्षक नाही. ती नाल मी ठोकली होती.”

व्याह्यांचा चेहरा उतरला. “व्याहीबुवा, बसा हो,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “लोक बघतायत.”

“बघू द्या की. इतकी वर्षं वाचतायत, आज बघू द्या.”

वकीलसाहेबांनी समोरचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. “हा चौकशी समितीचा निष्कर्ष आहे. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?”

“समितीने मला काय विचारलं, तेही लिहिलंय का त्यात? काही विचारलंच नाही! मी दाराबाहेर उभा होतो. पाव तासात आत सगळं उरकलं आणि शिपाई येऊन म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.” त्याने दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट रोवले. “त्या सकाळी तिचा पाय हातात घेतला तर तव्यासारखा तापलेला. मी ट्रेनरला म्हटलं, साहेब, आज हिला पळवू नका. तर म्हणतो, तू खुराखालचं बघ, वरचं आम्ही बघतो. मग त्यांनी तिला सुई टोचली. लंगडणं थांबलं. दुखणं नव्हतं गेलं, तिला ते कळेनासं झालं, एवढंच.”

त्याने वकीलसाहेबांच्या पुस्तकाकडे बोट केलं.

“ती पडली तेव्हा सगळ्यांच्या आधी मी पोचलो. नळीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. नाल जागच्या जागी. सैल नाल निघते ती खूर फाडून निघते. तिच्या खुराला ओरखडासुद्धा नव्हता. सातही खिळे मी बोटाने चाचपले. गोळी घातली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.”

वकीलसाहेबांनी पुस्तक मिटलं. घसा खाकरला. “ठीक आहे. वाद उपस्थित झालाय, तेव्हा नियमाप्रमाणे हा प्रश्न बाद.”

“प्रश्न कशाला बाद करता?” नालबंद ओरडलाच. “प्रश्न चांगला आहे. उत्तर बाद करा!”

नालबंद एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिला. कोणीतरी शरमेने खाली बघेल, निदान एक जण तरी, असं त्याला वाटलं.

पुढच्या रांगेतल्या एकाने खिशातून वही काढली. “काका, खिळे सात म्हणालात ना? याची नोंद कुठेच नाही हो!”

“सुई कसली होती, काही आठवतं?” दुसऱ्याने विचारलं.

“शर्यतीच्या किती वेळ आधी दिली?”

खुर्च्या सरकल्या. माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. डोळ्यांत तीच चमक, मघाशी टाळ्या वाजवताना होती ती. सगळ्यांच्या हातांत पेनं होती. व्याह्यांच्याही.

“आणि तबेल्यात तिला हाक कशी मारायचे?” व्याही पुढे झुकून म्हणाले. “वावटळ हे शर्यतीतलं नाव झालं. लाडाचं काही असेलच की, व्याहीबुवा!”

होतं. नालबंदानेच ठेवलं होतं. पहाटे त्या नावाने हाक मारली की ती दाराच्या फळीवरून मान बाहेर काढायची आणि त्याच्या खांद्यावर टेकवायची. ते नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं. पेनं कागदाला टेकली.

त्याने ते गिळलं.

“आहे,” तो म्हणाला. “पण त्याला पुरतील एवढे गुण नाहीत तुमच्याकडे.”