पदराआडचं अंडं

दवाखान्याच्या संडासाला आतून कडी लावून मी पदराआडचं अंडं काढलं. श्रावणात कांदाही न खाणारी मी. आयुष्यात पहिल्यांदा अंडं फोडलं. त्यातलं पांढरं थोडंसं लघवीच्या बाटलीत घातलं. लघवीतून प्रथिनं जात असली तर त्या माणसाची किडनी घेत नाहीत, एवढं मला कळलं होतं.

"झालं का गं?" बाहेरून सासूबाई. "नवऱ्यासाठी वर्षभर उपास करतेस, मग किडनीचं एवढं काय!" दोन्ही दिरांचा रक्तगट जुळत होता. पण ते कमावते.

तपासणीच्या खोलीत लॅबच्या ताईंनी माझ्या लघवीची काचेची नळी ज्योतीवर धरली. बघता बघता आतलं सगळं दह्यासारखं पांढरं झालं. दाराबाहेर सासूबाईंचा जप चालू होता.

"गार झाल्यावर पुन्हा साफ होईल का हो?" मी घाबरून विचारलं.

"एकदा शिजलं की शिजलं." ताईंनी माझ्या बांगडीला चिकटलेलं टरफल अलगद काढलं आणि आवाज खाली आणला. "ह्याला कशाला हात लावलात? द्यायची नसेल तर मला नुसतं नको म्हणा. डॉक्टर 'चालणार नाही' एवढंच लिहितात. कारण घरी कुणाला सांगत नाहीत."

"नको," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

माझं बोलणं कुणालाच कधी पहिल्या वेळी ऐकू जात नाही.

"नाही द्यायची मला!"

दाराबाहेरचा जप थांबला.