घारीचा दोर

“मामा, आज दोर सैल ठेवायचा. पार ढिला.”

मामांनी घारीचं काम करणाऱ्या नटीच्या पाठीवरच्या पट्ट्यात दोराची कडी अडकवली आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ‘घार’ मालिकेच्या पहिल्या सीझनपासून तिला उडवायचं काम त्यांचंच. दोराचं एक टोक तिच्या पाठीला, दुसरं मामांच्या हातात. प्रेक्षकांना तो दोर कधी दिसला नाही, कारण संगणकावर बसणारी मुलगी तो चित्रातून पुसून टाकायची. घरोघरी लोकांना वाटायचं, बाई खरंच उडते.

आज सहाव्या सीझनचा शेवटचा प्रसंग होता. घार गच्चीच्या कठड्याला लोंबकळते, खलनायक वरून म्हणतो “सोड”, ती हात सोडते आणि मरते. पुढच्या सीझनला घारीचा मुखवटा एका कोवळ्या पोरीच्या तोंडावर चढणार होता. बाईचं वय झालं, असं निर्मात्याचं मत. मत असायला हरकत नाही, पण त्याने ते सीझनच्या सुरुवातीलाच मेकअपच्या खोलीबाहेर उभं राहून चांगल्या खणखणीत आवाजात मांडलं होतं.

“हिच्यात राहिलंय काय? घार म्हणजे आपल्या मामांचा दोर. कुणालाही बांधा, उडेल.”

आत आरशासमोर बसून तिने त्यातला शब्दन् शब्द ऐकला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी दोरांच्या गोदामात येऊन ती छताखालच्या लोखंडी दांड्याला लोंबकळायला लागली. “घारीचं वटवाघूळ झालं बघ,” मामा चिडवायचे. ती धापकन खाली यायची, तळहात चोळायची आणि परत दांडा धरायची. मामांना वाटलं, असेल एखादं खूळ.

खूळ कसलं, ते आज त्यांना कळलं. अशा प्रसंगात नटीने कठड्यावर नुसती बोटं टेकायची आणि तोंड वेडंवाकडं करायचं असतं. वजन सगळं दोरावर. आजवर सगळे तसंच करत आले होते, तीसुद्धा.

“पोरी, खाली गादी आहे, पण ती गादी म्हणजे काही आईची मांडी नाही,” मामा हळूच म्हणाले. “पडलीस तर?”

“पडले तर घार मेली. त्यांना तेच हवंय ना?” ती मुखवटा चढवत म्हणाली. “मी वर चढले तर मात्र त्यांची पंचाईत.”

दिग्दर्शकाने ‘ॲक्शन’ म्हटलं. मामांनी दोर सैल सोडला. पलीकडे तिचं सगळं वजन तिच्या बोटांवर आलं, तशी तिची नखं पांढरीफटक पडली. दंड थरथरायला लागले. मामांचे हात नुसते शिवशिवत होते. एक हिसका दिला असता तर ती अलगद वर आली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग निर्माताच खरा ठरला असता. मामांनी दात आवळले आणि हात जागच्या जागी ठेवले.

खलनायकाने तिच्या बोटांशेजारी बूट रोवला. “सोड,” तो गुरगुरला. “संपलं तुझं.”

“नाही सोडत.”

हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. तिने एक कोपर कठड्यावर टाकलं. मग दुसरं. सरपटत, कण्हत, कुठलीही ऐट न ठेवता तिने गुडघा वर घेतला आणि ती गच्चीवर उभी राहिली. खलनायकाचा अभिनय तिथेच गळाला आणि तो खरोखर दोन पावलं मागे सरकला.

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “मामा, डोकं ठिकाणावर आहे का? हिला वर ओढायला कुणी सांगितलं?”

“मी नाही ओढलं,” मामा म्हणाले. त्यांची मान ताठ होती.

“मग काय ती आपोआप वर आली?”

मामांनी संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. संगणकवाल्या मुलीने चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. सगळे पडद्याभोवती गोळा झाले. ती इंच इंच वर चढत होती आणि तिच्या पाठीमागे दोर झोळीसारखा लोंबत होता. निर्माताही वाकून बघत होता.

शेवटी निर्मात्याने घसा खाकरला. “शॉट बरा आलाय,” तो मुलीला म्हणाला. “शेवट बदलता येईल. दोर तेवढा पुसून टाक.”

“पुसायचा नाही,” वरून आवाज आला. तिने मुखवटा काढला होता आणि ती कठड्यावर बसून सोललेल्या तळहातांवर फुंकर घालत होती. “आज तो सगळ्यांना दिसू दे.”