बिब्ब्याची फुली

पुंजाराम विहिरीवरून बादली भरून आला, तोवर काकासाहेबांच्या मोटारीवर बिब्ब्याची फुली उमटली होती. बॉनेटच्या अगदी मधोमध, मोतिया रंगावर काळीकुट्ट, वीतभर लांब. फुली मारणारी त्याची आई शेजारीच उभी होती. हातात दाभण, दाभणाच्या टोकाला शेकवलेला बिब्बा आणि चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

"माय! काय केलंस गं ह्ये!"

"दिष्ट लागंल रे बाबा," साळूबाई म्हणाली. "समदी आष्टी बोलून राह्यली, साळूबाईच्या लेकाची मोटार मळ्यात आली म्हनून. मला ऱ्हावलंच न्हाई. तू आठ दिसाचा व्हता तवा तुझ्या पोटावर बी अशीच मारल्ती. काही झालं का तुला?"

"माझी मोटार न्हाई ती! मी निस्ता हाकतो!"

"त्येच म्हन्ते मी."

तिला काय समजावणार? तिनं उभ्या जन्मात गाडी हाकणारा पाहिला तो गाडीचा धनीच. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं होत आली, तरी आष्टीच्या सडकेवर मोटार दिसायची ती सणासारखी, कधीतरी. आणि आजच्या मोटारीत तिचा मुलगा पुढच्या बाकावर बसून आला होता, तर तो दुसरा माणूस मागे. मग मोठा कोण, हे कुणीही सांगावं.

तो दुसरा माणूस, जालन्याच्या जिनिंगचे मालक काकासाहेब, गावातल्या एका बागायतदाराच्या मळ्यात पाहुणचार घेत होता. चार वाजता याच मोटारीतून परतूरच्या स्टेशनावर नव्या व्याह्यांना घ्यायला जायचं होतं. पुंजारामच्या आधीचा ड्रायव्हर धर्मराज. त्यानं टपावरची कबुतराची घाण रातभर तशीच राहू दिली, तिनं रंग खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी धर्मराज घरी बसला. इथं तर बिब्बा होता. धोब्यानं कापडावर बिब्ब्याची खूण केली, की कापड फाटतं पण खूण जात नाही.

एकच आशा होती. मुंबईहून आलेलं मेण पुंजाराम रोज सकाळी फ्लॅनेलच्या फडक्यानं मोटारीवर चढवत असे. बिब्बा अजून मेणावरच असेल तर वाचलो. त्यानं डिकीतून घासलेटची बाटली काढली, फडकं भिजवलं आणि फुलीच्या टोकाला हलकेच टेकवलं. रेटून चालत नाही, रेटलं की काळं आत जातं. एकदा पुसायचं, फडकं उलटायचं, पुन्हा कोरी बाजू लावायची. घासलेटात विरघळलेला बिब्बा फडक्यातून झिरपून त्याच्या बोटांवर आला. त्याचं लक्ष नव्हतं. खालून मोतिया रंग दिसू लागला होता आणि त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"पुंजाराम, हे काय?"

काकासाहेब सुपारी चघळत फाटकातून बाहेर आले होते.

"बिब्बा हाय साहेब. निघून राह्यला. रंगाला बिलकुल लागला न्हाई, मेनावरच हाय."

"लावला कोणी?" त्यांनी साळूबाईकडे पाहिलं. "ही बाई कोण?"

साळूबाईनं पदर सारखा केला. मुलाच्या साहेबाला ती पहिल्यांदाच बघत होती. रामराम घालावा, माझं लेकरू सांभाळा म्हणावं, असं काहीबाही तिच्या ओठांवर आलंही होतं.

"कोन की," पुंजाराम फडक्याकडे बघत म्हणाला. "गावातली कोनी येडी दिसती. मी पानी आनाया गेल्तो, तेवढ्यात..."

इतकं सहज बोलून गेला, की त्याचं त्यालाच भय वाटलं.

"अडाणी लोक! कशालाही हात लावतात," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या मोटारीपुढे लिंबू-मिरच्या लोंबत होत्या; पण त्या त्यांच्या भटजींनी मंत्रून दिलेल्या. "हाकल तिला."

पुंजाराम जागचा हलला नाही. काकासाहेब त्याच्याकडे बघत राहिले.

"चल बाई," शेवटी तो म्हणाला. "हो तिकडं."

साळूबाई दहा पावलं मागे सरली आणि बाभळीखाली जाऊन उभी राहिली. बिब्बा तिनं दाभणावरून काढून मातीत टाकला.

पुढचं सगळं झटपट झालं. फुली निघाली. पुंजारामनं नवं मेण चढवलं, कोरड्या फडक्यानं घोटलं, खाली वाकून तिरप्या उन्हात पाहिलं. कुठं काही नव्हतं. काकासाहेबांनी बॉनेटवरून बोट फिरवलं, स्वतःचं तोंड त्यात पाहून मिशी सारखी केली आणि म्हणाले, "शाब्बास! काम चोख आहे तुझं." सहा महिन्यांत ही पहिली शाबासकी. ती नेमकी आजच मिळायची होती.

ते मागच्या बाकावर बसले. पुंजारामनं दार लावलं. साळूबाई बाभळीखालून पुढे आली आणि मोटारीपासून चांगली लांब थांबली.

"ड्रायव्हरसाहेब," ती म्हणाली, "हाताला जल्दी खोबरं चोळा. बिब्बा उततो, सकाळपस्तोर फोड येतील, घास धरता येनार न्हाई. घरी माय आसंल तुमची, तर तिला म्हनावं, चार दिस भरवून दे."