बुंदी वाढणारी बाई

थेटरात अंधार झाला तशी मालननं समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. आज काही झालं तरी मान वळवायची नाही, असं ती घरातूनच ठरवून निघाली होती.

गावात शूटिंग झालं तेव्हा लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढायला तिला उभं केलं होतं. सिनेमा लागला, ती पंगतही आली. पण नवऱ्याचा चेहरा बघायला मालन नेमकी तेव्हाच वळली. परत समोर बघेपर्यंत नवरी सासरी निघाली होती. "झकास दिसलीस," नवरा म्हणाला. तिला मात्र रुखरुख लागली ती लागलीच.

सगळीकडून सिनेमा उतरला. पण तालुक्याच्या या जुन्या थेटराचा मालक लोकांनी मागितलेला सिनेमा रविवारी दुपारी पुन्हा लावायचा. मालननं त्याचं डोकं खाल्लं होतं.

सनई वाजली. पंगत बसली. हिरव्या लुगड्यातली एक बाई बादली घेऊन झपाझप आली, पाहुण्याच्या 'नको नको'ला न जुमानता पत्रावळीवर बुंदी ओतून हसली. तशी खुर्चीतली मालनही हसली. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

"आज नीट बघितलंत न्हवं मला?" बाहेर येताना तिनं नवऱ्याला विचारलं.

"पडद्याकडं बघितलंच न्हाई."

ती जागीच थबकली.

"पडद्यावरची मागच्या खेपंला बघितली की," तो म्हणाला. "आज बघणारी बघितली."