सोनाबाईची आंबील

शेवटी गावानं निकेतचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. पण ते तूर्त सोडा. तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

तर कामोठ्यातला राहता फ्लॅट विकून निकेतनं चौलजवळ नारळ-सुपारीची वाडी घेतली. पुढे कॉटेजेस बांधायची, पर्यटक आणायचे आणि जन्मभर बसून खायचं. अडचण एकच होती. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि निकेतच्या घराण्यात कुंडीतली तुळसही कधी जगली नव्हती. म्हणून खरेदी झाली वाडीची राखण करणाऱ्या, शेतकरी असल्याचा दाखला असलेल्या सोनाबाईच्या नावावर.

"नाव माजं, वाडी तुजी," सोनाबाई म्हणाली. "माज्या पोराच्या जागी हाय तू."

निकेतला भरून आलं. त्या दिवसापासून तो तिला आई म्हणू लागला.

मग कॉटेजेसच्या बांधकामाचा चिरा महागला. रेती महागली. शिंपणं करणाऱ्या गड्यानं मजुरी वाढवून मागितली.

"गडी कशाला रं बाला? तू हाय की धडधाकट."

गडी गेला. महिन्याभरात माडावर चढणाराही गेला, आणि निकेत स्वतः चढायला शिकला. दोनदा पडला. दमून खाली बसला की सोनाबाई नाचणीच्या आंबिलीचा तांब्या पुढे करायची.

"पी. अंगात रग ऱ्हायला पायजे. आन् हितं सही कर. गड्याची हजेरी न्हाय दिसली तर वाडी पडीक धरतील."

वहीत लिहिलेलं असे : निकेत, कामावर हजर, मजुरी पोचली.

"आई, मालकालाच गडी केलंस की!"

"कागदावरच रं," सोनाबाईही हसायची.

तीन वर्षं तो रोज सही करत राहिला. वाडी अशी डवरली की रेवदंड्याला निघालेले लोक गाडी थांबवून बघायचे.

आणि मग सत्काराचं आमंत्रण आलं. निकेत इस्त्रीचा झब्बा घालून गेला. खिशात भाषण होतं : 'वाढत्या खर्चात गुंतवणूकदाराने उत्साही कसे राहावे.' शाल घालायला स्टेजवर सोनाबाईच उभी होती.

"उत्कृष्ट शेतमजूर, निकेत!" माइक कडाडला. "शिफारस, वाडीच्या मालकीण सोनाबाई!"

टाळ्या पडल्या. निकेत हसतच तिच्या कानाशी वाकला.

"आई, कागदावरच ना?"

"व्हय बाला," शालीची घडी नीट करत ती म्हणाली. "वाडी पन कागदावरच इकली. उद्यापास्नं येऊ नको."

वाडी मीच कसली, असा अर्ज निकेतनं तहसीलदारांकडे केला. उत्तरादाखल त्याच्याच हजारभर सह्या त्याच्यासमोर ठेवण्यात आल्या.

त्याचा दुसरा अर्ज अजून तिथल्याच टेबलावर आहे : 'महोदय, वाडीवर माझा कोणताही दावा उरलेला नाही. तथापि सोनाबाई यांनी मला रोज सकाळी एक तांब्या आंबील देणे व बाला म्हणणे पूर्ववत सुरू ठेवावे, असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'